कपड्यात राहिलेला हक्क

वाचकहो, एखाद्या घरातून जनाजा निघतो, दफन होते, माती देऊन आलेली माणसे आपापल्या घरी परततात आणि त्या घरात एक प्रश्न मागे उरतो. खुंटीवर टांगलेला सदरा, दोरीवर वाळत घातलेली लुंगी, पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेली शेरवानी, यांचे काय करावयाचे? गेली अकरा वर्षे मी इमामत करतो. मृत्यूविषयी लोक मला जे मसले विचारतात त्यांत हा प्रश्न क्वचितच असतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असा प्रत्येकाचा समज असतो. कपडे गरिबाला देऊन टाकावेत आणि दोन-तीन दिवसांत पेटी मोकळी करावी. एखाद्याने ते जपून ठेवायचे म्हटले, तर त्याला सबरचा उपदेश केला जातो आणि दुनियेच्या वस्तूत जीव अडकवू नये असे सांगितले जाते. हा उपदेश मीही अनेकांना केला आहे. स्वतःच्या घरी तो अमलात आणला, तेव्हा त्यातली माझी चूक मला दिसली.

माझ्या वडिलांजवळ हिमरूची एक शाल होती. आजोबांनी ती अब्बांच्या निकाहच्या वेळी औरंगाबादच्या एका विणकराकडून घेतली होती. जांभळी जमीन, तिच्यावर बदामी रंगाची वेलबुट्टी. थंडी सुरू झाली की ती पेटीतून बाहेर निघे आणि फजरच्या नमाजला अब्बांच्या खांद्यावर असे. माझी मोठी बहीण लहानपणी एसटीच्या रात्रीच्या प्रवासात त्याच शालीत झोपत असे. अब्बांच्या इंतकालानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांची पेटी उघडली. कपड्यांचे गाठोडे बांधले आणि ते आमच्या मशिदीत नमाजला येणाऱ्या एका वृद्ध रखवालदाराला नेऊन दिले. शालही दिली. मला वाटले, अब्बांना सवाब पोहोचला आणि लोकांसमोर एक उदाहरणही घालून दिले गेले. या दुसऱ्या भावनेत किती भाग रियाचा होता, हे अल्लाह जाणतो.

मुलाच्या आजारपणामुळे आपा दफनानंतर सासरी परतल्या होत्या. त्या पाचव्या दिवशी आल्या. त्यांनी पेटी उघडली आणि बराच वेळ तिच्यापाशी बसून राहिल्या. मी सवाबाविषयी बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि इतकेच म्हणाल्या, "मला एकदा विचारलं असतंस." त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत.

आधी शरीअतची बाजू सांगतो, कारण ती अगदी स्पष्ट आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. मरण पावलेल्या व्यक्तीच्या मालकीचे जे जे असते, ते सर्व तरका असते. घर आणि शेत जसे तरक्यात येतात, तशीच हातातली काठी, डोळ्यांवरचा चष्मा आणि अंगावरचा सदराही येतो. त्यातून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि उरलेले ते वारसांचे. आमच्या अम्मी आधीच अल्लाहला प्यार्‍या झाल्या होत्या. वारस आम्ही दोघेच, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे त्या शालीत दोन हिस्से माझे आणि एक हिस्सा आपांचा होता. मदरशात 'सिराजी' हा वारसाहक्काचा ग्रंथ शिकताना याहून कितीतरी गुंतागुंतीचे हिशेब मी फळ्यावर सोडवले होते. घरातल्या पेटीसमोर मात्र दोन आणि एक यांचा साधा हिशेब मला आठवला नाही. दुसऱ्याच्या मालातून केलेला सदका हा सदका कसा ठरेल? वारसांत नाबालिग मूल असेल, तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. त्याने हो म्हटले तरी त्याचा हिस्सा दान करता येत नाही, कारण नाबालिगाची अशी संमती शरीअतमध्ये ग्राह्य नाही. आपल्या वस्त्यांत यतीम लेकरांच्या बापाचे कपडे, घड्याळ, सायकल दहाव्याच्या आत वाटून टाकली जातात आणि वाटणारा स्वतःला पुण्यवान समजतो. वाचकहो, यापुढे असा प्रसंग आला तर गाठोडे बांधण्यापूर्वी सर्व वारसांना विचारा. घरातल्या मुलींना आणि बहिणींना तर आठवणीने विचारा, कारण त्या न विचारताच गप्प बसतील असे आपण गृहीत धरलेले असते.

मात्र मसला सुटला म्हणून प्रश्न सुटला, असे झाले नाही. आपांना मी तिसऱ्या हिश्श्याची किंमत देऊ केली असती, तर ती त्यांची थट्टा झाली असती. त्यांना शालीची किंमत नको होती, शाल हवी होती. एका जुन्या कापडावर इतके प्रेम करणे हे ईमानाच्या दृष्टीने योग्य आहे काय? माझा जुना उपदेश सांगत होता की योग्य नाही. मी पुन्हा ग्रंथ उघडले.

सूरह यूसुफ आपण कितीतरी वेळा ऐकतो. त्या एका सूरहमध्ये सदरा तीनदा येतो. पहिल्यांदा भाऊ त्याला खोटे रक्त लावून आणतात आणि याकूब (अ.) यांच्यासमोर ठेवतात. दुसऱ्यांदा तो पाठीमागून फाटलेला असतो आणि तेवढ्यावरूनच यूसुफ (अ.) यांचे निर्दोषत्व सिद्ध होते. तिसऱ्यांदा यूसुफ (अ.) आपला सदरा मिसरमधून वडिलांकडे पाठवतात. काफिला तिकडून निघताच याकूब (अ.) यांना दूरवर मुलाचा गंध येतो आणि सदरा चेहऱ्यावर टाकताच त्यांची गेलेली दृष्टी परत येते. तो मोजिजा होता आणि करणारा अल्लाहच होता, यात शंका नाही. पण अल्लाहने साधन म्हणून कापड निवडले आणि मुलाच्या गंधासाठी आसुसलेल्या बापाला कुरआनने कोठेही दोष दिला नाही. घरचे लोक त्यांना जुन्याच भ्रमात असल्याचे बोलून दाखवतात, आणि पुढे खोटे ठरतात ते घरचे लोकच.

बद्रच्या युद्धानंतर कैद्यांच्या सुटकेसाठी मक्केहून खंडणी येऊ लागली. प्रेषितांची (स.) कन्या ह. जैनब (रजि.) यांनी आपले पती अबुल आस यांच्यासाठी एक कंठा पाठवला. ह. खदीजा (रजि.) यांनी तो लेकीला लग्नात घातला होता. तो पाहताच प्रेषितांचे (स.) हृदय भरून आले. त्यांनी सहाबांना सुचवले की त्यांना योग्य वाटल्यास कैद्याला सोडावे आणि जैनबची वस्तू जैनबला परत करावी. सुनन अबू दाऊदमधील हा प्रसंग वाचताना दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. दिवंगत पत्नीच्या आठवणीने गहिवरून येणे हे जगातल्या सर्वांत श्रेष्ठ सबर करणाऱ्या व्यक्तीलाही कमीपणाचे वाटले नाही. आणि तो कंठा आता मुस्लिमांचा हक्क झालेला असल्यामुळे त्यांनी तो आपल्या अधिकारात परत केला नाही, आधी सहाबांना विचारले. माझ्याकडून जे झाले नव्हते, ते नेमके हेच.

ह. आयशा (रजि.) यांनी एकदा एक ठिगळ लावलेली चादर आणि एक जाडाभरडा तहबंद बाहेर काढून लोकांना दाखवला आणि प्रेषितांचा (स.) अंत याच दोन कपड्यांत झाला असे सांगितले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही नोंद आहे. ते कपडे त्यांनी जपले होते. ह. अस्मा (रजि.) यांच्याजवळ प्रेषितांचा (स.) एक जुब्बा होता. तो आधी ह. आयशा (रजि.) यांच्याकडे होता आणि त्यांच्या वफातनंतर बहिणीकडे आला. मुस्लिममध्ये या जुब्ब्याचे वर्णनही आले आहे, त्याच्या रेशमी काठासह. या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रेषितांच्या (स.) वस्त्रांना जे स्थान आहे, ते आपल्या आई-वडिलांच्या किंवा कोणा बुजुर्गाच्या कपड्यांना नाही. त्यांना बरकतीचे साधन मानणे, त्यांच्यासमोर अगरबत्ती लावणे, नवस बोलणे याला येथे काहीही आधार नाही. आठवणीसाठी जपणे वेगळे, पूजणे वेगळे. आणि हा फरक कळण्यासाठी आलिम असण्याची गरज नाही.

तर मग जपावे की द्यावे? याविषयी मला सर्वांत अधिक शिकवले ते ह. सहल बिन सअद (रजि.) यांनी कथन केलेल्या एका हदीसने. एक स्त्री प्रेषितांकडे (स.) काठ विणलेली चादर घेऊन आली. ही आपण स्वतःच्या हाताने विणली आहे आणि आपल्याला नेसवावी म्हणून आणली आहे, असे ती म्हणाली. प्रेषितांना (स.) तिची गरज होती. त्यांनी ती घेतली आणि तहबंद म्हणून नेसून बाहेर आले. एका माणसाने ती चादर मागितली आणि त्यांनी ती दिली. लोक त्याला रागावले, कारण प्रेषित (स.) मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, मला ती नेसण्यासाठी नको, माझ्या कफनासाठी हवी आहे. आणि तीच त्याचे कफन झाली.

पूर्वी मी ही हदीस दानशूरपणाच्या तकरीरीत सांगत असे. आता मला तीत तीन माणसे दिसतात. देणारे प्रेषित (स.) आहेत. जपणारा तो सहाबी आहे, आणि त्याने जपलेले कापड पेटीत कसरीच्या हवाली झाले नाही. तिसरी आहे ती विणणारी स्त्री. हदीसमध्ये तिचे नाव नाही, पण तिचे वाक्य सुरक्षित राहिले की हे तिने स्वतःच्या हाताने विणले आहे. कपड्याची आठवण म्हटली की आपल्याला तो घालणारा आठवतो. या रावीने विणणारीपासून सुरुवात केली.

मला त्या शालीचा घालणारा आठवत होता, विणणारा कधीच आठवला नव्हता. आपांसाठी तशीच दुसरी शाल घ्यावी असे ठरवून मी निघालो, तेव्हा त्याची ओळख झाली.

हिमरूविषयी परंपरेने असे सांगितले जाते की सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा उत्तरेचे विणकर सोबत आले आणि सुलतान परत गेला तरी काही येथेच राहिले. शब्द फारसी 'हम-रू'वरून आला असे मानतात, म्हणजे सारख्या चेहऱ्याचे. किनखाब सोन्या-चांदीच्या तारांचे, आणि हे त्याच्यासारखे दिसणारे सूत-रेशमाचे. नक्षीत न आलेले रेशमाचे धागे उलट बाजूला सैल सुटलेले राहतात. म्हणूनच ही शाल मऊ आणि उबदार असते, आणि म्हणूनच तिचे धागे कशातही अडकतात. तिचेच एक भावंड म्हणजे मशरू. पुरुषांना शुद्ध रेशीम निषिद्ध आहे, मग ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा ठेवून असे कापड विणले गेले की बाहेरून रेशमाची झळाळी दिसावी आणि अंगाला सूत लागावे. नावाचा अर्थच शरीअतने मान्य केलेले. हनफी फिकहमध्ये ताणा रेशमी आणि बाणा दुसऱ्या धाग्याचा असेल तर ते पुरुषांना वापरता येते. शाफई विचारात दोन्हींच्या वजनाकडे पाहिले जाते. शुद्ध रेशमाच्या काठाला चार बोटांपर्यंत सूट असल्याचे ह. उमर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. मला यात एक सुंदर गोष्ट वाटते. फकीह आणि विणकर एकाच कापडावर काम करत होते. एकाने मर्यादा सांगितली आणि दुसऱ्याने त्या मर्यादेत राहून देखणेपण निर्माण केले.

औरंगाबादला मी आधी दुकानात गेलो. दुकानदाराने हिमरू म्हणून शाल पुढे टाकली आणि हातमागाची असल्याचे छातीठोकपणे सांगितले. तिचा उलटा पदर सगळीकडे एकसारखा कापलेला होता, धागा कृत्रिम होता आणि भाव इतका कमी की त्यात माणसाची दिवसाची मजुरीही निघाली नसती. यंत्राच्या कापडाला मी वाईट म्हणत नाही. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर आपलेच हजारो बांधव राबतात. ते कापड गरिबाचे अंग झाकते आणि त्या कामगाराचा हक्क हातमागवाल्याइतकाच आहे. यंत्राचे कापड यंत्राचे म्हणून विकावे. त्याला हाताचे म्हणून विकणे म्हणजे धान्याच्या राशीत ओले दाणे खाली लपवणे होय. बाजारात तशा राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले होते, हे आपण जाणतोच.

मग मी एका कारागिराकडे पोहोचलो. वयस्क गृहस्थ, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. नक्षी दाट असेल तर दिवसभरात वीत-दीड वीत कापड होते, असे ते म्हणाले. त्यांची मुले या धंद्यात नाहीत. मी किंमत विचारली. त्यांनी सांगितली, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले की चाचा, काही कमी करा. त्यांनी वर न पाहता विचारले, "मौलाना, किती दिवस कमी करू?"

कुरआनमध्ये ह. शुऐब (अ.) आपल्या कौमला माप आणि वजन पुरे देण्यास सांगतात आणि त्याच ओघात लोकांना त्यांच्या वस्तू कमी लेखून देऊ नका असेही म्हणतात. यातल्या दुसऱ्या आज्ञेकडे आपले लक्ष कमी जाते. तराजूची दांडी मारणे आपण पाप समजतो. पण दुसऱ्याच्या श्रमाला नावे ठेवून, तो अडलेला आहे हे ओळखून, त्याची वस्तू तिच्या मोलाखाली पाडून घेणे याला आपण हुशारी म्हणतो आणि घरी येऊन कौतुकाने सांगतो. घासाघीस मुळात निषिद्ध नाही. अडलेल्या हाताला पिरगाळणे मात्र वेगळे आहे, आणि मजुराला घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी ही हदीस प्रत्येक मशिदीत सांगितली जाते ती केवळ रोजंदारीच्या मजुरापुरती नाही.

वाचकांपैकी कोणी विचारील की इमामाच्या तुटपुंज्या पगारात हातमागाची शाल ही चैन नव्हे काय, आणि साधेपणाचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. मृत्युशय्येवरील ह. अबू बक्र (रजि.) यांनी अंगावरचा जुना कपडा धुऊन कफनात घेण्यास सांगितले होते, कारण नव्या कपड्यावर मृतापेक्षा जिवंताचा हक्क अधिक असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच दीनमध्ये हेही आहे की चांगला कपडा आणि चांगले जोडे आवडणे हा अहंकार आहे का, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) अल्लाहला सौंदर्य प्रिय असल्याचे सांगितले आणि अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, असा खुलासा केला. माझ्या कपाटात गेल्या तीन ईदांचे स्वस्त कुर्ते आहेत, त्यांतला एकही मला प्रिय नाही आणि ते कोणी शिवले हे मला माहीत नाही. वीस वर्षे अंगावर राहणारी एक शाल आणि दरवर्षी फेकले जाणारे चार कुर्ते, यांत साधेपणा कशात आहे याचा हिशेब मी अजून करतो आहे. चाचांना सांगितलेली पूर्ण किंमत दिली, अर्धी आगाऊ आणि अर्धी चार महिन्यांत हप्त्याने. हप्ते त्यांनीच सुचवले.

आपांना मी हे सांगितले तेव्हा त्या खूश झाल्या असे म्हणता येणार नाही. नवी शाल अब्बांची नाही, असे त्या स्पष्ट बोलल्या. मी त्यांची माफी मागितली आणि त्यांच्या हिश्श्याविषयी विचारले. त्यांना हवे असल्यास रखवालदार चाचांकडे जाऊन सर्व खरे सांगण्याची माझी तयारी होती. आपांनी विचारले, "ते ती पांघरतात का?" मी म्हणालो, रोज फजरला, पहिल्या सफमध्ये, माझ्या अगदी पाठीमागे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की माझी इजाजत आहे, त्यांना काही सांगू नकोस.

या हिवाळ्याच्या आरंभी रखवालदार चाचांनी ती शाल माझ्याकडे आणली. खिळ्याला अडकून उलट बाजूचे धागे निघाले होते आणि एका कोपऱ्याला चीर पडली होती. फेकवत नाही, काही होते का पाहा, असे ते म्हणाले. मी आपांना कळवले. रफूगराचे पैसे आपण देणार, असे त्यांनी आग्रहाने सांगितले आणि त्या स्वतः दुकानी आल्या. रफूगराने शाल उजेडात धरली आणि काठाजवळ बोट ठेवले. तेथे पूर्वीचा एक रफू होता. रंग थोडा निराळा, टाके जाड, घरच्या बाईने साध्या सुईने घातलेले. हे उसवून नीट करून देतो, दिसणार नाही, असे तो म्हणाला. ते टाके अम्मींचे होते. मी अकरा वर्षांचा असताना त्या कंदिलाजवळ बसून ते घालत होत्या, हे मला तेव्हा आठवले. आपांना ते कधीपासून आठवत असावे, मी विचारले नाही.

आपांनी रफूगराला सांगितले की चीर तेवढी भरा, हे राहू द्या. त्याने पावती लिहिली. दोन दिवसांनी शाल चाचांना पोहोचली.